‘जास्तीची’ किडनी आणि वेदातला वृक्क

दापोलीच्या एका ताईंनी विचारलंय: शिबिराच्या पत्रकात ‘मूत्रपिंडदान’ लिहावं की ‘वृक्कदान’? सोबत मसुदा आहे. त्यात वाक्य आहे, ‘देवाने प्रत्येकाला एक किडनी जास्तीची दिली आहे.’

मूत्रपिंड सगळ्यांना कळतं, तेच लिहा. पण वृक्काला कुणी पाठ्यपुस्तकी म्हणू नये. अथर्ववेदाच्या सातव्या कांडात एक लहानसा मंत्र आहे. गायी आपल्या जागी बसल्या, पाखरू घरट्याकडे गेलं, डोंगर ठायी उभे राहिले, तशी मी दोन्ही वृक्कं त्यांच्या जागी स्थिर केली. काय सुंदर ओळ आहे! शब्द तिथे द्विवचनात आहे, ‘वृक्कौ’.

मटणवाल्याकडचा ‘गुर्दा’ फारसी म्हणून नाक मुरडणारे शुद्धिवादी तर सपशेल चुकतात. आरंभीच्या ‘वृ’चा फारसीत ‘गु’ होतो. आपला वृक, म्हणजे लांडगा, तिकडे गुर्ग. तसाच जुन्या ‘वृत्क’चा इकडे वृक्क झाला, तिकडे गुर्दा. हे सख्खे भाऊ आहेत. एकाला सोवळ्यात बसवून दुसऱ्याला अंगणात उभं करणाऱ्यांनी आधी वर्णविचार वाचावा.

आता ते ‘जास्तीची’. हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. आमच्या वाडीत एका काकीच्या दिराला किडनी हवी होती, तेव्हा घरचे तिला ओटीवर सगळ्यांदेखत म्हणाले, “दोन आहेत गो तुला, एक जास्तीचीच ना!” जास्तीची वस्तू नाकारणारी बाई आपोआप कंजूष ठरते. एक काढली की उरलेली थोडी मोठी होते, बराच भार उचलते, पण दोघींइतका नाही. रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं जन्मभर तपासावी लागतात. मग जास्तीची कशी?

1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात दीर ‘जवळचा नातेवाईक’ नाही. 2011च्या दुरुस्तीने आजी-आजोबा, नातवंडं आली, दीर नाहीच. म्हणून प्रकरण प्राधिकार समितीपुढे जातं. पैसा फिरला का, दबाव आहे का, हे ती बघते. पण ओटीवरचा एक शब्द कुठल्या अर्जात उमटतो? दात्याला एकटीला बसवून विचारलं तरच काही कळायचं, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत ‘नाही’ म्हणायची मुभा आहे हे तिला आधी कुणीतरी सांगायला हवं.

काकी त्या दिवशी काही बोलली नाही. सुपातली आमसुलं उलथीपालथी करत राहिली. घरच्यांनी तोच होकार धरला.

ताई, त्या वाक्यावर काट मारा.