जुनी पेट्रोल गाडी मध्येच दम टाकते, गॅरेजमध्ये नेली की गुणी बाळासारखी चालते. दोष कसा शोधायचा?

ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बदलू नका. निदान आत्ता तरी नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: नाशिकमधली २००४ ची पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी). कधी दोन-दोन दिवस छान चालते, मग भर रस्त्यात अडखळते. प्लग आणि एअर फिल्टर नवे टाकले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ केली, फरक शून्य. चेक लाइट पेटत नाही. आणि आता गॅरेजवाला म्हणतोय, "ईसीएम गेला असेल." या वाक्यातलं 'असेल' महाग पडतं. ईसीएम जातो, नाही असं नाही, पण त्याच्याआधी संशय घ्यावा अशा डझनभर स्वस्त गोष्टी असतात.

मी मेकॅनिक नाही. चिपळूणला राहतो, २००३ ची पेट्रोल हॅचबॅक अजून वापरतो आणि याच दुखण्यापायी चार महिने डोकं आपटून घेतलंय. प्लग, प्लगच्या वायरी, ठिणगीला वीज देणारी कॉइल, पेट्रोल फिल्टर असं एकेक बदलत नऊ हजारांच्या आसपास गेले. प्रत्येक वेळी तीन-चार दिवस वाटायचं की झालं काम, आणि मग पुन्हा तेच. मधूनच होणाऱ्या दोषाची ही गंमत आहे. तो आपोआप थांबतो आणि त्याचं श्रेय नुकत्याच टाकलेल्या पार्टला मिळतं.

म्हणून आधी वही. खरंच, साधी दोनशे पानी वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा आणि गाडी अडखळली की बाजूला थांबून चार ओळी लिहा: गाडी सुरू करून किती वेळ झाला, चढ होता की सपाट, टाकीत पेट्रोल किती, एसी चालू होता का, पाऊस किंवा ऊन, कितवा गिअर. न अडखळलेल्या दिवसांचीही नोंद ठेवा, तीच लोक विसरतात.

दुसरं, 'अडखळते' म्हणजे नक्की काय, ते ठरवा. गॅरेजमध्ये आपण सगळ्यालाच 'मिसिंग मारते' म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी उसळी घेते, हा एक प्रकार. त्यात थ्रॉटल पोझिशन सेन्सर (थ्रॉटल किती उघडलाय ते ईसीएमला सांगणारा) किंवा कुठेतरी चोरून आत येणारी हवा बघायची. सेन्सरच्या सिग्नलवर मल्टिमीटर लावून पेडल अगदी सावकाश दाबत न्या. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आसपासपासून साधारण साडेचारपर्यंत सलग चढत गेला पाहिजे. मध्येच गचकन पडला तर ती जागा झिजलेली आहे. शहरात पाय कायम जिथे असतो, तिथेच बहुधा झिजते.

गचके बसतात, एखादा सिलिंडर मधूनच मेल्यासारखा वाटतो, हा दुसरा प्रकार. तो बहुतेक वेळा ठिणगीचा. पावसात किंवा सकाळच्या दवात वाढत असेल तर प्लगच्या वायरी आणि कॉइल बघा. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि इस्त्रीच्या फवाऱ्याने वायरींवर पाण्याचा बारीक तुषार मारा. वायर फुटलेली असेल तर निळसर ठिणग्या नाचताना डोळ्यांनी दिसतात. हात लांब ठेवा, तो झटका विसरता येत नाही. काही जुने मिस्त्री चालू इंजिनवर प्लगची वायर उपटून ठिणगी बघतात. कार्बोरेटरच्या जमान्यात ते खपून जायचं. एमपीएफआय गाडीत मात्र कॉइल उडू शकते आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतला, धूर साफ करणारा डबा) जाऊन तो खराब होतो. तसं करू देऊ नका.

तिसऱ्या प्रकारात ताकद हळूहळू ओसरते, पाय दाबावा तशी गाडी आणखी मरगळते, आणि पाय थोडा उचलला की सावरते. हा बहुधा पेट्रोल कमी पोचण्याचा, क्वचित सायलेन्सरच्या वाटेत कन्व्हर्टर चोंदल्याचा. चालत्या गाडीत इंजिन एका क्षणात संपूर्ण मरतं, आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर जातो आणि मग परत येतो, असं होत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय ते ईसीएमला सांगणारा), मेन रिले किंवा इग्निशन स्विच बघा. क्रँक सेन्सर गरम झाला की दगा देतो आणि गार झाला की शहाण्यासारखा वागतो. आणि इंजिन रेस होतंय पण गाडी पळत नाही, असं असेल तर इंजिनाला दोष देऊ नका. तो क्लच आहे.

गाडीला सीएनजी किट असेल तर तुमचं निम्मं काम फुकटात होतं. त्याच रस्त्यावर एकदा गॅसवर चालवा, एकदा पेट्रोलवर. दोन्हींवर अडखळली तर संशय प्लग, कॉइल, सेन्सरवर. फक्त पेट्रोलवर अडखळली तर टाकीतल्या पंपावर, फिल्टरवर आणि इंजेक्टरवर. इतकी सोपी परीक्षा असून माझ्या ओळखीत एकाही मेकॅनिकने ती स्वतःहून सुचवल्याचं आठवत नाही.

आता माझ्या गाडीचं सांगतो, कारण गॅरेजमध्ये दोष का सापडत नाही ते त्यातून कळेल. तीन आठवड्यांत वहीत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या नऊ चढावरच्या, सगळ्या वीस मिनिटं गाडी चालल्यानंतरच्या, बहुतेक दुपारच्या आणि टाकी अर्ध्याच्या खाली असतानाच्या. दहा मिनिटं थांबलं की गाडी ठीक. म्हणजे तिसरा प्रकार. पंपावर संशय गेला. गॅरेजमध्ये प्रेशर गेज लावला तर काटा जिथे हवा तिथेच. मेकॅनिक म्हणाला, पंप उत्तम आहे.

त्याचं चुकलं नव्हतं. उभ्या गाडीत इंजिनाला पेट्रोल लागतंच कितीसं? पंप त्याच्या कितीतरी पट ढकलत असतो आणि जास्तीचं माघारी फिरतं. त्यामुळे अर्धमेला पंपसुद्धा जागेवर उभ्या गाडीत शंभरपैकी शंभर गुण मिळवतो. त्याची खरी परीक्षा घाटात, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबलेला असताना होते. आणि तिथे गेज घेऊन कोण जाणार?

गेज नाही, पण मल्टिमीटर नेता येतो. मागच्या सीटखाली पंपाचा कपलर (वायरींचा जोड) होता. तो न काढता मागच्या बाजूने दोन बारीक पिना आत सरकवल्या, लांब वायरी जोडून पुढच्या सीटपर्यंत आणल्या. मेव्हणा गाडी चालवत होता, मी मीटर मांडीवर घेऊन बसलो. (हे करण्याआधी पेट्रोलचा वास येतो का बघा. येत असेल तर काहीही न करता आधी गळती शोधा. दोन्ही पिनांना टेप गुंडाळा, त्या एकमेकींना चिकटल्या तर फ्यूज जाईल हे बरं, पण ठिणगी पडायला नको.) चिपळूण सोडलं तेव्हा पंपावर १३ च्या थोडं वर व्होल्टेज होतं. पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढायला लागलो तसा आकडा घसरायला लागला. बारा. साडेअकरा. गाडीने दम टाकला तेव्हा मीटरवर १०.६ होतं. त्याच वेळी बॅटरीवर १३.९. मेव्हणा गाडी बंद करायला निघाला होता, मी ओरडलो, "नको, चालू ठेव!"

मधले ३.३ व्होल्ट कुठे गेले? मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं पंपाच्या प्लसला लावलं तर ०.४. हे ठीक. मग मायनसकडून तसंच केलं: पंपाचं मायनस ते बॅटरीचं मायनस २.९. तिथे खरं तर पाव व्होल्टसुद्धा नको. म्हणजे दोष अर्थिंगचा, बॉडीतून करंट परत बॅटरीकडे नेणाऱ्या जोडाचा. मागच्या डाव्या बाजूला कार्पेटखाली अर्थिंगचा बोल्ट होता, गंजून तपकिरी झालेला. डिकीचं रबर फाटलं होतं आणि कोकणातला पाऊस दरवर्षी त्यातून आत झिरपून कार्पेट ओलं करत होता. गंजलेल्या जोडातून पंपाचा चार-पाच अँपिअर करंट गेला की जोड तापतो, तापला की आणखी अडवतो. टाकीत पेट्रोल कमी असलं की पंपही नीट गार होत नाही. वहीतली प्रत्येक नोंद या एका बोल्टने समजली. पॉलिश पेपर, नवीन लग (वायरीच्या टोकाची कडी), वर व्हॅसलीन, आणि डिकीचं रबर. सगळ्यात महाग ते रबरच पडलं.

तुमच्याही गाडीत हेच असेल असं माझं म्हणणं नाही. नाशिकच्या कोरड्या हवेत कदाचित बोल्ट चकचकीत असेल. पण इंजिनापासून बॉडीकडे आणि बॉडीपासून बॅटरीकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या पार्टवर पैसे घालण्याआधी तपासा. वीस वर्षांत त्या कुणी सोडवून पुसल्या असतील, असं वाटत नाही.

पेट्रोलबद्दलही बोलायला हवं, कारण हल्ली प्रत्येक जण त्याचंच नाव घेतो. आता जवळपास सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि तुमची गाडी त्यासाठी बनलेली नाही. त्या मिश्रणाला चालतील असे पार्ट गाड्यांत एप्रिल २०२३ पासून आले. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं किंवा टणक करतं, आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. त्यामुळे तुमच्या नोंदींत 'पेट्रोल भरल्यावर दोन दिवसांत' असं दिसलं तर फिल्टर आणि पंपाची जाळी आधी. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल तर टाकीत पाणी साचलेलं असू शकतं. पण फक्त चढावर, फक्त गरम झाल्यावर होत असेल तर सगळा दोष पेट्रोलवर ढकलून मोकळं होऊ नका.

हवेची चोरी शोधायला व्हॅक्यूमच्या नळ्या गाडी चालू असताना एकेक हाताने वाकवून बघा, आरपीएम बदलला तर ती नळी चिरलेली. कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) फवारून बघायची पद्धत आहे, पण गरम सायलेन्सरजवळ ती आगीशी खेळण्यासारखी, मी तरी करत नाही. सेन्सरचे कपलरही असेच हलवून बघा.

चेक लाइट पेटत नाही म्हणून सेन्सर निर्दोष असंही धरू नका. २००४ च्या गाडीचा ईसीएम फार थोड्या गोष्टींची तक्रार करतो, आणि बाजारातला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर तिला बहुधा जुळणारही नाही. त्या कंपनीचं जुनं स्कॅनिंग मशीन असलेला माणूस शोधा, आणि गाडी त्याच्याकडे सोडून येऊ नका. त्याला शेजारी बसवून, जिथे अडखळते तिथेच घेऊन जा.

तुमच्याकडे त्यासाठी कसारा घाट आहेच. इगतपुरीहून खाली उतरताना काहीच होणार नाही, परत चढून येताना बघा. त्या दिवशी टाकी पाव ठेवा, आणि तोच चढ दुसऱ्या दिवशी टाकी भरून चढा. दोन्ही वेळी काय झालं ते आणि वरच्या तीन-चार प्रकारांतला कुठला वाटतो ते खाली लिहा, मग पुढचं बोलू.