कधीच न दिसणाऱ्या जादूगार हुकूमशहाचं मोडकळीला आलेलं शहर वाचकाला खरं कसं वाटेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फँटसी कादंबरी लिहिताय, त्यात एक जुनं, ढासळत चाललेलं शहर आहे. त्यावर एका जादूगाराची सत्ता आहे आणि तो कित्येक पिढ्या मनोऱ्यात बंद आहे. ज्यांना वाचायला दिलंत ते म्हणतात, वातावरण जमलंय, पण शहर खरं वाटत नाही आणि जो दिसतच नाही त्याची भीतीही वाटत नाही. लोक शहर सोडून का जात नाहीत आणि शेवटी त्याला दाखवावं का, हेही तुम्ही विचारलंय.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की पडझड आणि राजाचं लपून बसणं या दोन गोष्टी तुम्ही नुसत्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. शहर जुनं म्हणून पडतंय, राजा दुष्ट म्हणून लपलाय. या दोन्हींचं कारण एकच करा. तो आत का बसला, याच्या उत्तरातूनच शहर का पडतंय हे कळायला हवं. एवढं जमलं की बाकीचे तपशील शोधावे लागत नाहीत, ते आपोआप सुचत जातात.

उदाहरण म्हणून एक कारण घेऊ. शहर त्यानेच उभं केलं. खांब नसलेला पूल, चढावर जाणारं पाणी, तेलाविना जळणारे दिवे, सगळं त्याच्या जादूचं. पण ही जादू एकदा केली की झालं, अशी नाही. ती रोज पुरवावी लागते. मग त्याचं वय झालं. मरण लांबवायलाही जादू लागते आणि ती त्याच साठ्यातून जाते. आधी वेशीजवळच्या गल्ल्यांतले दिवे विझले, पुढे वरच्या पेठेचं पाणी बंद झालं, मग पूल गेला. मनोऱ्याभोवती जेवढं वर्तुळ उरलंय तेवढ्यातच तो जिवंत राहू शकतो, म्हणून तो बाहेर येत नाही. आता तुमच्या शहरात प्रत्येक विझलेला दिवा म्हणजे त्याच्या आयुष्यात वाढलेले काही दिवस. हे लोकांना माहीत असेल तर शहर एका तऱ्हेचं होईल, माहीत नसेल तर दुसऱ्या. मला स्वतःला तिसरी तऱ्हा आवडते: सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी मोठ्याने बोलत नाही.

इथून पुढे पैशाचा विचार करा. दिवे जळतात त्या गल्लीतली घरं महाग. पूल पडला म्हणून नावाड्यांची भरभराट. वरच्या पेठेत पाणी वाहून नेणाऱ्यांच्या घरी आता दुमजली माड्या. उद्या कुणी खरोखरच पूल उभा करायला निघालं तर त्याच्या आड पहिले नावाडी येतील. पडझडीवरही कुणाचं तरी पोट चालतं. बहुतेक कथांमध्ये हा भाग गाळलेला असतो, त्यामुळे शहरातले सगळे सारखेच खंगलेले, सारखेच उदास दिसतात.

आता पडझडीबद्दल. धुकं, कावळे आणि भिंतीवरच्या वेली काढून टाका, निदान पहिल्या मसुद्यातून तरी. खरं शहर कसं मोडतं ते बघायचं तर रोमकडे बघा. इ.स. ५३७ मध्ये गॉथ लोकांनी रोमला वेढा घातला आणि शहरात पाणी आणणारे कालवे तोडले. त्याचा पहिला फटका बसला तो पिठाला, कारण शहरातल्या पाणचक्क्या त्याच पाण्यावर फिरायच्या. तेव्हा शहर लढवणारा सेनापती बेलिसारियस याने टायबर नदीत होड्या बांधून त्यांच्यामध्ये चक्क्या बसवल्या आणि नदीच्या प्रवाहावर दळण सुरू केलं. उंचावरच्या वस्त्यांना पाणी मिळेना, त्यामुळे पुढे लोकवस्ती नदीच्या वळणातल्या सखल भागात गोळा होत गेली आणि टेकड्यांवर मळे नि भग्न वाडे उरले. कालवे तुटले आणि सगळ्या शहराचा नकाशा सरकला. तुमच्या कादंबरीत पाणी बंद झालं असेल तर लोक कुठे सरकले आणि दळण कुठे होतं, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

त्यानंतर शहराचे लचके कुणी तोडले? बऱ्याचदा शहरातल्याच माणसांनी. बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट दुसरा कॉन्स्टन्स इ.स. ६६३ मध्ये रोमला आला आणि पॅन्थिऑन या प्राचीन देवळाच्या छपराचे काशाचे पत्रे काढून घेऊन गेला. तो सम्राट होता, शत्रू नव्हता. संगमरवरी पुतळे आणि खांबांचे तुकडे कित्येक शतकं भट्टीत जाळून त्यांचा चुना होत राहिला. त्या चुन्यातून नवी बांधकामं झाली, म्हणजे जुनं शहर जाळून त्यातच पुढचं शहर बांधलं गेलं. जिथे एके काळी साम्राज्याचा कारभार चालायचा त्या फोरमचं नाव पुढे ‘कॅम्पो व्हाचिनो’ पडलं, म्हणजे गाईंचं मैदान. कॉन्स्टॅन्टिनोपलचंही, म्हणजे आजच्या इस्तंबूलचंही, तेच. १४५३ मध्ये ते तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा त्या अजस्र तटबंदीच्या आत सुमारे ५०,००० माणसं उरली होती आणि वस्त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत शेतं नि बागा होत्या.

यातली चुन्याची भट्टी मला फार मोलाची वाटते. एखादं प्रकरण तुम्ही भट्टीवरच्या माणसावर लिहा. पुतळ्याचं डोकं नीट भट्टीत जात नाही म्हणून तो आधी नाक आणि कान घणाने उडवतो. चेहरा कुणाचा आहे हे त्याला माहीत नाही, पण कुठला दगड चांगला पांढरा चुना देतो हे तो नुसता हात फिरवून सांगेल. त्याच्या दृष्टीने ही पडझड नाही, हा धंदा आहे. असा एक माणूस उभा केलात की भग्न कमानींची वर्णनं निम्मी कमी करता येतील.

लोक शहर सोडून का जात नाहीत, याचं उत्तरही इथेच आहे. शहर एका रात्रीत पडत नाही. आजीला तीन पूल आठवतात, आईला दोन, मुलीने एकच पाहिलाय आणि तिला तो एकच पूल असणं साहजिक वाटतं. शिवाय घर असतं, देणंघेणं असतं, पुरलेली माणसं असतात. आणखी कडक कारण हवं असेल तर जादूशीच जोडा: शहरात जादूने बरं झालेलं दुखणं वेशीबाहेर पुन्हा उलटतं. यावर फार पानं घालवू नका, वाचकाला हे चटकन पटतं.

आता भीती. न दिसणाऱ्या माणसाचा धाक कसा बसतो हे समजून घ्यायला मला चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याच्यासारखं दुसरं उदाहरण सापडत नाही. इ.स.पू. २२१ मध्ये त्याने सगळा चीन एका सत्तेखाली आणला. मग त्याला अमरत्वाचा ध्यास लागला. इ.स.पू. २१२ च्या सुमारास जादूटोणा जाणणाऱ्या एकाने त्याला सांगितलं की तुम्ही कुठे आहात हे कुणालाच कळलं नाही तर अमृत हाती लागेल. सम्राटाने राजधानीच्या आसपासचे आपले शेकडो महाल झाकलेल्या वाटांनी जोडले आणि तो आज कुठल्या महालात आहे हे सांगणाऱ्याला मृत्युदंड ठेवला. इतिहासकार सिमा छियानने एक प्रसंग नोंदवलाय. सम्राटाने डोंगरावरच्या महालातून पाहिलं की आपल्या प्रधानाबरोबर रथ आणि घोडेस्वार फारच आहेत. त्याला ते रुचलं नाही. काही दिवसांनी प्रधानाचा लवाजमा कमी झालेला दिसला. म्हणजे आतलं बोलणं बाहेर गेलं होतं. चौकशी झाली, कुणी कबूल होईना, तेव्हा त्या वेळी जवळ असलेल्या सगळ्यांना त्याने मारून टाकलं.

या प्रसंगात सम्राट ओरडत नाही, हातातून वीज सोडत नाही, प्रधानाला भेटतही नाही. लवाजमा कमी झाला एवढंच घडतं आणि तेवढ्यावर माणसं मरतात. तुमच्या जादूगाराचा धाक असाच बसू द्या. शहरात काहीतरी बारीक बदलतं आणि त्यावरून लोकांना कळतं की वर कुणीतरी पाहिलं.

याच सम्राटाचा शेवट तुम्हाला अख्खं कथानक देऊ शकेल. इ.स.पू. २१० मध्ये तो दौऱ्यावर असताना वाटेत मेला. बरोबरच्या प्रधानाने आणि खोजा अधिकारी झाओ गाव याने ही बातमी दाबली. बंद रथापाशी जेवण जात राहिलं, अधिकारी येऊन कामं सांगत राहिले, आतला खोजा त्यांना मंजुरी देत राहिला. उन्हाळा होता, वास येऊ लागला, तेव्हा रथांवर खारवलेले मासे लादायला सांगितले. दरम्यान सम्राटाच्या नावाने खोटं पत्र गेलं आणि थोरल्या राजपुत्राने ते वाचून आत्महत्या केली. बरोबरचा सेनापती त्याला विनवत होता की आधी खातरजमा करून घ्या. राजपुत्राने ऐकलं नाही. बापाचा हुकूम विचारायचा नसतो, ही सवय इतकी हाडीमाशी खिळलेली होती की बाप जिवंत असण्याची गरजच उरली नव्हती.

म्हणून माझ्या मते तुमच्या कादंबरीतला महत्त्वाचा माणूस मनोऱ्यात नाही, मनोऱ्याच्या दाराशी आहे. रोमचा सम्राट टायबेरियस इ.स. २६ मध्ये शहर सोडून गेला, काप्री बेटावर राहिला आणि मरेपर्यंत रोममध्ये परतला नाही. मधल्या काळात त्याच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख सेजानस हाच रोमचा मालक झाल्यासारखा होता, कारण सम्राटापर्यंतची वाट त्याच्या हातात होती. मग इ.स. ३१ मध्ये काप्रीहून एक लांबलचक पत्र आलं. ते सिनेटमध्ये, म्हणजे रोमच्या उमरावांच्या सभेत, वाचायला घेतलं तेव्हा सेजानस समोर बसला होता, नवा मान मिळणार अशा समजुतीत. पत्र बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिलं आणि शेवटी त्यालाच पकडायला सांगून थांबलं. त्याच दिवशी त्याला ठार केलं. नुसत्या एका पत्राने!

चीनच्या मिंग घराण्यातला वानली सम्राट (राज्यकाळ १५७२ ते १६२०) वेगळ्या जातीचा. त्याने राज्याच्या शेवटच्या काही दशकांत दरबारात येणं जवळजवळ सोडलं, रिकाम्या जागा भरल्या नाहीत, राजीनाम्यांनाही उत्तर दिलं नाही. तुमचा जादूगार क्रूर असण्यापेक्षा रुसलेला असेल तर हा माणूस जरूर अभ्यासा. सही न झाल्याने राज्य सडतं, हे तलवारीपेक्षा लिहायला अवघड आहे आणि वाचायला जास्त भयंकर.

दाराशी बसलेल्या माणसाचा एक तुकडा मी लिहून पाहिला, तो देतो. हवा तसा वापरा.

“पहाटे मनोऱ्यावरून टोपली खाली येई. लेखनिक तिच्यातले हुकूम काढून स्वच्छ अक्षरात उतरवून घेई आणि मूळ कागद शेगडीत टाकी. नियमच तसा होता. गेल्या थंडीपासून टोपलीतले कागद कोरे येत होते. पहिल्या दिवशी तो घाबरून बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने आदल्या वर्षीचाच एक हुकूम पुन्हा लिहिला: दक्षिण वेशीवर पहारा वाढवावा. पहारा वाढला. तिसऱ्या दिवशी त्याने आपल्या गल्लीत दिवा लावण्याचा हुकूम लिहिला. रात्री दिवा लागला.”

यात शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. पहारा माणसं वाढवतात, पण जादूचा दिवा कुणी लावला? म्हणजे वरचा अजून आहे, त्याला लेखनिकाची लबाडी कळलीय आणि त्याने तिला होकार दिलाय. तो मेला असेल, ही शंका वाचकाच्या मनात तुम्ही आधीच पेरलेली असेल तर इथे त्याला थंडी वाजेल.

राहिला शेवटचा प्रश्न, त्याला दाखवावं का. दाखवा. शेकडो पानं वाट बघायला लावून दार रिकाम्या खोलीत उघडणं मला वाचकाची फसवणूक वाटते. पण शेवटच्या लढाईत नको, साधारण दोन तृतीयांश कथा झाल्यावर, आणि कामात असताना. त्याला सत्तेवर भाषण करू देऊ नका. त्याला फार कुरूप किंवा फार सुंदरही करू नका. तो मोजत बसलेला दाखवा: किती साठा उरलाय, कुठला दिवा आज विझवायचा, कुठली भिंत अजून महिनाभर धरून ठेवायची. त्याला शहराचा प्रत्येक दगड पाठ आहे, पण तो दीडशे वर्षांपूर्वीच्या शहराचा. मग त्याला तुमच्या नायिकेला असा एक प्रश्न विचारू द्या, ज्याचं उत्तर खालचं शेंबडं पोरही देईल: खालच्या पुलावरून हल्ली गाड्यांची वर्दळ कशी आहे?

पूल पडून चाळीस वर्षं झालीत. तो पूल उभा आहे असं समजून तो अजून रोज त्यात जादू ओततोय आणि ती नदीत वाहून जातेय. नायिकेने खरं सांगितलं तर ती जादू सुटेल, वरच्या पेठेला पाणी मिळेल, पण त्याचंही आयुष्य वाढेल. खोटं सांगितलं तर तो लवकर मरेल आणि त्याच्याबरोबर उरलेले दिवेही जातील. तिने काय सांगितलं हे आधी ठरवा आणि तिथून मागे येत पहिलं प्रकरण पुन्हा लिहा.