फुकटचं वायफाय: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बाहेरच्या फुकट वायफायवर बँकेचं ॲप उघडलं की मुलगा ओरडतो, पासवर्ड चोरीला जाईल म्हणतो. ऑफिसातला मित्र म्हणतो ते सगळं जुनं झालं, बिनधास्त वापर. कुणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचंही थोडं थोडं ऐका. मुलगा म्हणतोय ती भीती एकेकाळी शंभर टक्के खरी होती. २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक एक्स्टेंशन, म्हणजे फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं छोटं जोड-सॉफ्टवेअर, आलं होतं, ते टाकलं की त्याच ओपन वायफायवर बसलेल्या लोकांची फेसबुक-ट्विटरची खाती नावासकट बाजूला दिसायची आणि नुसतं क्लिक केलं की त्यांच्या खात्यात शिरता यायचं, पासवर्ड माहीत असायचीही गरज नाही. कारण तेव्हा बऱ्याच साइट लॉगिनपुरतंच कुलूप लावायच्या आणि पुढचं सगळं उघड्यावर. आता जवळपास सगळ्याच साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे तुमच्या फोनपासून थेट त्या साइटच्या सर्व्हरपर्यंत मजकूर बंदिस्त जातो, मधलं वायफाय कुणाचंही असो. वायफायवाल्याला सहसा एवढंच कळतं की तुम्ही कुठल्या साइटवर गेलात, तिथे काय टाइप केलंत ते नाही. त्यामुळे अधिकृत स्टोअरमधून घेतलेलं आणि अपडेट केलेलं बँकेचं ॲप उघडलंत तर आभाळ कोसळत नाही. तरी पैसे पाठवायचेच असतील तर दोन मिनिटं मोबाइल डेटा चालू करा, डोक्याला ताप नाही.

आता मित्र काय विसरतोय ते. ब्राउझर कधीतरी मोठा इशारा दाखवतो की हे कनेक्शन खाजगी नाही, आणि आपण घाईत असतो म्हणून खालचं बारीक अक्षरातलं ‘तरीही पुढे जा’ दाबून टाकतो. बाहेरच्या वायफायवर हे बटण दाबायचंच नाही. कधीकधी वायफायचं लॉगिन पान उघडायचं राहिलेलं असतं म्हणूनही तो इशारा येतो, अशा वेळी ब्राउझरमध्ये http://captive.apple.com हा पत्ता असाच, सुरुवातीला https न लावता, टाकून बघा. नेट मोकळं असेल तर कोऱ्या पानावर ‘सक्सेस’ एवढंच येतं, नसेल तर बहुतेक वेळा तिथेच लॉगिन पान उघडतं. लॉगिन झाल्यावरही इशारा येतोय आणि मोबाइल डेटावर तीच साइट नीट उघडते, तर समजा की त्या वायफायमध्ये पाणी मुरतंय. आणि हो, पत्त्याशेजारचं ते कुलूप बघून साइट खरीच असेल असं धरू नका, त्या कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं डिजिटल ओळखपत्र, खोट्या साइटलाही फुकट मिळतं, पत्ता अक्षर न् अक्षर वाचायलाच लागतो.

प्रश्न: एकाच नावाची दोन वायफाय दिसतात. कुठलं खरं?

उत्तर: नुसतं नाव बघून कळत नाही, कुणीही आपल्या राउटरला तेच नाव देऊ शकतं. तिथल्या माणसाला विचारा, लाजायचं काय त्यात. दोन राउटर त्यांचेच असू शकतात, पण एकाला पासवर्ड आणि दुसरं उघडं असेल तर उघड्याच्या वाटेला जाऊ नका. भिंतीवर पासवर्ड लिहिलाय म्हणजे सेफ असंही नाही बरं का, तो सगळ्यांनाच माहीत असतो, आणि डब्ल्यूपीए२ या वायफायच्या जुन्या सुरक्षा पद्धतीत पासवर्ड माहीत असलेला माणूस, तुमचा फोन जोडला जातानाचा संवाद पकडू शकला, तर तुमची वायफायवरची ये-जा उलगडू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये ही भानगड मिटलीय, पण सगळीकडे तो पोचलाय कुठे.

त्याहून मोठी खोड म्हणजे फोन स्वतःच ओळखीचं नाव दिसलं की जाऊन चिकटतो. म्हणून काम झालं की ते नेटवर्क ‘फरगेट’ करा, निदान ऑटो-कनेक्ट तरी बंद ठेवा. लॅपटॉपवर विंडोजने विचारलं तर नेटवर्क ‘पब्लिक’च ठेवा.

प्रश्न: लॉगिन पान माझा जीमेलचा पासवर्ड मागतंय. देऊ का?

उत्तर: नाही. मोबाइल नंबर आणि ओटीपी अनेक ठिकाणी मागतात, ते पटलं तर द्या. ईमेलचा पासवर्ड, कार्डाचा नंबर, ‘हे ॲप टाका’, ‘हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा’ यातलं काहीही आलं की उठा. विशेषतः सर्टिफिकेट, कारण ते टाकलंत की वर सांगितलेला तो इशाराही यायचा बंद होऊ शकतो.

प्रश्न: फुकटचं व्हीपीएन लावलं तर प्रश्न मिटला ना?

उत्तर: व्हीपीएन म्हणजे तुमचं सगळं नेट आधी दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरकडे बंदिस्त नेणारं ॲप. वायफायवाल्याऐवजी आता व्हीपीएनवाल्याला दिसणार, एवढाच फरक. ज्याची कमाई कशातून होते ते माहीत नाही त्याच्या हातात सगळं द्यायचं, हे मला तरी पटत नाही.

प्रश्न: सिग्नल फुल्ल असतो, पण नेट रडत असतं. असं का? आणि समोरचा माणूस मोठ्या आवाजात व्हिडिओ कॉल करत असतो त्याला काय म्हणावं?

उत्तर: फुल्ल कांड्या म्हणजे राउटर जवळ आहे, एवढंच. साधारणपणे एका चॅनेलवर, म्हणजे वायफायच्या एका रेडिओ-पट्ट्यावर, एका वेळी एकच डिव्हाइस बोलू शकतं, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत गप्प. त्यात कोपऱ्यात लांब बसलेल्याचा फोन कमी स्पीडने बोलतो, तेवढ्याच फाइलला चॅनेल जास्त वेळ अडवून ठेवतो आणि त्याची शिक्षा जवळ बसलेल्यांनाही होते. म्हणून मोठं काम असेल तर राउटरच्या जवळ बसा, यात तुमचाही फायदा आणि इतरांचाही. जोडीला आपापले हॉटस्पॉट चालू करणारे असतात, २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनेलं साधारण तीनच, १, ६ आणि ११, मग सगळा गोंधळ.

आणि निम्म्या वेळा नेट खाणारा आपलाच फोन असतो! वायफाय दिसलं की त्याला वाटतं घरी आलो, मग खिशात बसून फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, सगळं सुरू. अँड्रॉइड आणि विंडोजमध्ये त्या नेटवर्कला ‘मीटर्ड’ (म्हणजे डेटा मोजून वापरायचा) करा, आयफोनमध्ये ‘लो डेटा मोड’, हे बरंचसं थांबतं. कॉलवाल्याला इयरफोन लावायला गोडीत सांगा, वर हेही सांगा की मघाशी तुम्ही वाचून दाखवलेला कार्ड नंबर आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

प्रश्न: पासवर्ड माहीत आहे, जागा बंद झाल्यावर बाहेर बसून वापरलं तर चालेल का?

उत्तर: विचारून वापरा. परवानगीशिवाय दुसऱ्याचं नेटवर्क वापरणं काही देशांत गुन्हासुद्धा ठरू शकतं. शिवाय तुम्ही टॉरेंट लावलंत किंवा कुणाला भलतंसलतं लिहिलंत तर बाहेरच्या जगाला दिसतो तो त्या मालकाच्या कनेक्शनचा पत्ता, पहिली विचारणा त्यालाच होते, आणि मग तो सगळ्यांसाठीच वायफाय बंद करतो.