'बोल्ड' सिनेमांत काम करणाऱ्या फिलिपिनो अभिनेत्री जॅकलिन होसे गंभीर अभिनयाकडे कशा वळल्या?

तुमच्या प्रश्नातला 'वळल्या' हा शब्दच मला पटत नाही. त्या मुळात कुठे वळल्याच नाहीत.

आपल्याकडे 'बोल्ड' हे जाहिरातीतलं विशेषण, तर फिलिपिन्समध्ये तो कामुक सिनेमाचा एक प्रकारच. हुकूमशहा मार्कोसच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षांत त्याला ऊत आला, कारण मनिला फिल्म सेंटरमध्ये सेन्सॉरची कात्री न लावता सिनेमे दाखवायची मुभा होती. गल्ला भरला की निर्माता गप्प बसायचा आणि दिग्दर्शकाला गरिबीबद्दल हवं ते बोलून घेता यायचं. होसे आल्या त्या याच काळात. दिग्दर्शक लिनो ब्रोकांच्या 'व्हाइट स्लेव्हरी'त विषय होता मनिलात आणून धंद्याला लावलेल्या मुलींचा. 'प्रायव्हेट शो'मध्ये तर त्या गिऱ्हाइकांसमोर शरीरसंबंधाचा खेळ करून पोट भरणारी बाई झाल्या. 1986च्या 'ताकाव तुक्सो'साठी त्यांना समीक्षकांचा गावाद उरियान पुरस्कार मिळाला. तोही बोल्डच होता बरं का!

(आपल्या स्मिता पाटीलचं आठवा. 'चक्र'मधला आंघोळीचा प्रसंग पोस्टरवर चढवला गेला, पण राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो अख्ख्या भूमिकेला.)

होसेंची खरी ताकद आवाजात. तिकडचा मेलोड्रामा आपल्यासारखाच रडारडीचा, आणि या बाई सपाट, जवळजवळ कंटाळलेल्या सुरात बोलायच्या. काहींना तो दोष वाटे. मला वाटतं, अंगावर कपडे नसताना चेहऱ्यावर काहीच न दाखवता उभं राहणं ज्याला जमलं, त्याला आरडाओरडा करायची गरज उरत नाही.

2008च्या 'सर्बिस'मध्ये त्या अश्लील सिनेमे लावणाऱ्या मोडकळीस आलेल्या थिएटरच्या मालकिणीची मुलगी होत्या. दिग्दर्शक ब्रिलिआंते मेंडोझा. त्यांच्याच 'मा रोसा'साठी होसेंना 2016मध्ये कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. फिलिपिन्समधल्या कुणालाही तो त्याआधी मिळाला नव्हता. मार्च 2024मध्ये त्या गेल्या.

एकच सिनेमा बघणार असाल तर 'मा रोसा' बघा. किराणा दुकानाच्या आडून अमली पदार्थ विकणारी आई पकडली जाते, पोलीस सुटकेसाठी पैसे मागतात आणि मुलं ते गोळा करत फिरतात. शेवटी ती रस्त्यावर उभी राहून काडीला टोचलेले फिशबॉल (माशाचे गोळे) खाते. समोर एक कुटुंब आपली विक्रीची हातगाडी आवरत असतं. तिला रडू येतं, पण तोंड चालूच राहतं, कारण भूक लागलेली असते.