मुळापासून जाईल ना?

गेल्या आठवड्यात तीन पेशंटनी मला एकच प्रश्न विचारला, म्हणून आज लिहायला बसले. तिघांनाही सोरायसिस आहे, म्हणजे त्वचेवर खपल्यांचे चट्टे उठवणारा आजार. "मॅडम, हे मुळापासून जाईल ना?"

मी त्वचारोगाच्या ओपीडीत समुपदेशन करते. ज्यांचं औषध पुन्हा पुन्हा मध्येच सुटतं त्यांना आमचे डॉक्टर माझ्या खोलीत पाठवतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एक शिक्षिका आल्या होत्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय चाळिशीच्या आसपास, डोक्यात, कोपरांवर आणि नखांत सोरायसिस. चार वर्षांत तीन डॉक्टर झाले होते, शिवाय कुणीतरी दिलेल्या पुड्याही. पुड्यांनी आठ दिवसांत अंग स्वच्छ झालं आणि त्या बंद करताच दुपटीने उसळलं. पुडीवर नाव नसेल तर आत स्टेरॉइड असू शकतं आणि ते अचानक थांबवलं की सोरायसिस भडकतो. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवशी सांगतात, आजवर घेतलेलं सगळं पिशवीत भरून आणा. रागावणार कुणी नाही.

पहिल्या भेटीत बाई (शाळेतली मुलं म्हणतात तसं मीही बाईच म्हणायचे) उठल्या, पर्समधून छोटा ब्रश काढला आणि बसलेली खुर्ची झाडली. इतक्या सहज, की हे रोजचंच असणार.

ओपीडीत त्यांनी दहा प्रश्नांचा एक फॉर्म भरला होता. कार्डिफच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९४ मध्ये तयार केलेला हा फॉर्म आता जगभर वापरतात. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे खाज, लाज, कपडे, कामधंदा, जवळची नाती यांत किती अडथळा आला, ते त्यात विचारतात. एकूण गुण ३०. बाईंचे ७ आले होते. जवळपास सगळीकडे 'थोडंसं' किंवा 'अजिबात नाही'.

मी कपड्यांच्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"इथे 'थोडंसं' लिहिलंय. आज साडी कुठल्या रंगाची नेसलात?"

"मोतिया."

"काल?"

"फिकट पिवळी."

"कपाटात काळी आहे?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चंद्रकळा आहे. आईची. चार संक्रांती झाल्या, घडी मोडली नाही. खांद्यावर पडलेलं सगळं दिसतं ना काळ्यावर."

"मग हे 'थोडंसं' कसं?"

"आता सवय झाली, मॅडम."

मला या कामाचं मर्म त्या वाक्यात सापडलं. माणूस त्रासाला सरावतो, आयुष्य तेवढं आखडून घेतो आणि मग फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहितो, 'थोडंसं'. भाऊबीजेला भावाकडे मुक्काम नाही, कारण गादीवर कोंडा पडेल. पार्लर बंद. गॅदरिंगला मागची खुर्ची. मी तोच फॉर्म पुन्हा भरायला दिला. या वेळी १८ आले.

हा आकडा उपचार बदलतो. हाताचा पंजा बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का, या हिशेबाने बाईंचा आजार चार पंजे भरेल एवढाच होता. अंगावर थोडा, म्हणून आजवर मलमंच मिळाली. पण फॉर्मवरचे गुण १० च्या वर गेले की त्वचारोगतज्ज्ञ आजार मोठा धरतात, मग डाग कितीही कमी असोत. आमच्या डॉक्टरांनी सकाळी सांधे आखडतात का विचारलं (सोरायसिस सांध्यांतही उतरतो, तो वेळेत पकडावा लागतो), गरोदरपणाची शक्यता नाही ना याची खात्री केली, रक्त आणि यकृताच्या तपासण्या केल्या आणि मेथोट्रेक्झेट सुरू केलं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'फक्त रविवारी'.

पण खरा पेच गोळीचा नव्हताच. "मुळापासून गेलंच पाहिजे" यातल्या 'च'चा होता. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. तिचे जनक, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी माणसाच्या या हट्टी 'च'वर आयुष्यभर बोट ठेवलं आणि आपल्या मराठीत तो एका अक्षरात ऐकू येतो. त्वचा स्वच्छ झाली की बाई औषध सोडायच्या, 'गेलं' म्हणून. परत आलं की डॉक्टर बदलायच्या, 'फसलं' म्हणून.

चौथ्या भेटीत मी विचारलं, "समजा मुळापासून गेलं नाही. आयुष्यभर अधूनमधून येत राहिलं. तर काय काय करायचं नाही, असं ठरवलंयत?"

त्या बोटांवर मोजायला लागल्या. चौथ्या बोटावर थांबल्या. "म्हणजे मी त्याच्या जाण्याची वाट बघत बसलेय आणि तोवर काहीच करत नाहीये."

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसता येणं मला बऱ्याच वर्षांनी जमलंय.

हे वाचणाऱ्यांना कळकळीने सांगते. सोरायसिसची लागण होत नाही. टॉवेल, ताट वेगळं करू नका, हात हातात घ्या. यात शरीराच्या संरक्षणयंत्रणेची गल्लत होते आणि चार आठवड्यांनी बदलणारी त्वचा थोड्याच दिवसांत बदलू लागते. प्रवृत्ती अंगात राहते, पण आजची औषधं त्वचा महिनोन् महिने स्वच्छ ठेवू शकतात. खपल्या ओरबाडू नका, जखमेच्या जागी नवा चट्टा उठतो. अंघोळीनंतर ओलसर अंगावर पेट्रोलियम जेली लावा. सिगारेट आणि दारू आजार वाढवतात, मेथोट्रेक्झेटवर तर दारू यकृतालाच भोवते. आणि डॉक्टरांना डाग दाखवता तसं हेही सांगा की या आजारापायी काय करायचं सोडलंय.

त्या जानेवारीत शाळेच्या हळदीकुंकवाला बाई चंद्रकळा नेसून गेल्या. पुढच्या हिवाळ्यात घसा बसला, ताप आला आणि पाठोपाठ डोक्यात पुन्हा खपल्या धरल्या. घशाच्या संसर्गानंतर असं होतं. त्यांचा फोन आला तेव्हा मी जरा सावरून बसले.

"मॅडम, परत आलंय. डॉक्टर शनिवारी किती वाजता असतात? चारनंतर असतील तर बरं, दुपारपर्यंत मुलांची तोंडी परीक्षा आहे."