थंडीला बोल लावू नका

प्रश्न : ताई, आमच्या परसात 12 कोंबड्या आहेत, काही गावरान, काही गिरिराज या सुधारित जातीच्या. दसऱ्यापर्यंत रोज 7-8 अंडी मिळायची, आता 2 मिळाली तरी नशीब. सासूबाई म्हणतात थंडी बाधली, बाजरी घाला, ती उष्ण असते. यांनी खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली. फरक काही नाही. काय करू?
– एक वाचक, वडणगे, ता. करवीर

उत्तर : आधी ती ताडपत्री सोडा. आपल्याकडची थंडी ती केवढी? पहाटे पारा 14-15 अंशांवर येतो, अंगभर पिसं असलेल्या कोंबडीला त्याचं काय! उलट आत विष्ठेचा उग्र वास कोंडतो आणि घरघर सुरू होते. वाऱ्याच्या बाजूला खाली हातभर पोतं बांधा, वर मोकळं राहू दे.

आता रागावू नका, पण कोंबड्या सकाळीच मोकळ्या सोडता ना? मागच्या साली मी दोघींना विकायला काढलं होतं. तेवढ्यात बांधापलीकडच्या उसाला तोड आली आणि तोडकऱ्यांनी फडातून 14 अंडी ओंजळीत आणून दिली! तेव्हापासून अकराच्या आत दार उघडत नाही. बहुतेक अंडी तोवर पडलेली असतात.

फडातही नसतील, तर रात्री एकेक कोंबडी हातात घ्या. शेपटीखाली, अंडं येतं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना टोकदार हाडं लागतील. मध्ये दोन-तीन बोटं मावली तर ती घालतेय, जेमतेम एक मावलं तर थांबलीय. मानेवर नव्या पिसांचे काटे लागले, तर तिची पीसझड चाललीय. तिला दोनेक महिने द्याच. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, ते नुसत्या बाजरीतून कुठून येणार? प्रत्येकीला दिवसाला 100-120 ग्रॅम लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, घाला, धान्य संध्याकाळी मूठभरच. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. शेंगदाण्याची पेंड थोडी चालेल, पण बुरशीचा वास आला तर उकिरड्यावरही टाकू नका, त्या तिथेही उकरतात.

बाकीच्यांचं दुखणं उजेडाचं. भर पौषात आपला दिवस जेमतेम 11 तासांचा, आणि भरपूर अंड्यांना 14 तरी तास लागतात. 9 वॉटचा एलईडी पुरतो, पण तो पहाटे लावा. संध्याकाळी लावून एकदम बंद केला, तर काळोखात त्यांना बसायची दांडी सापडत नाही. दर आठवड्याला अर्धा तास आधी, असं करत सव्वाचारपर्यंत या. हावरटपणा मीही केलाय : 100 चा बल्ब रात्रभर ठेवला, आठवड्यात एकमेकींच्या शेपट्या टोचून रक्त काढलं त्यांनी. दिवा एकदम काढूही नका, होळीनंतर हळूहळू कमी करा, नाहीतर पुन्हा पिसं झडतील.

गावरान खुडूक बसली, म्हणजे अंडी घालायची थांबून उबवायला बसली, तर मात्र दिव्याने उठत नाही. मी तर तिच्याखाली गिरिराजची अंडी ठेवते.

आणि ती बाजरी भोगीच्या भाकरीला राखा, सासूबाईही खूश होतील.