वाचकांचे प्रश्न : पऱ्हाटीला गाणं ऐकू येतं का?

प्रश्न : आमच्या भागात सोलरवर चालणारे भोंगे विकायला येतात. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास संगीत लावलं की पऱ्हाटीला बोंडं जास्त लागतात, अळी फिरकत नाही, असं सांगतात. घ्यावा का? (आर्वी तालुका)

उत्तर : घेऊ नका. पण झाड ठार बहिरं असतं, असंही समजू नका. झाडाला कान नाहीत. त्याच्यासाठी आवाज म्हणजे थरथर. पान थरथरलं की पेशीचं आवरण ताणलं जातं आणि त्यातली काही बारीक दारं उघडतात. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी कमी असतं, त्यामुळे दार उघडताच ते आत घुसतं. कॅल्मोड्युलिनसारखी प्रथिनं ते पकडतात आणि तिथून जनुकं जागी होतात. 1990 मध्ये जेनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस या शास्त्रज्ञांना हे जवळपास अपघातानंच दिसलं. ते अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यावर संप्रेरकं फवारत होते. तुलनेसाठी नुसतं पाणी फवारलं, तरी काही जनुकं अर्ध्या तासाच्या आत शंभर पटींपर्यंत चेतली. काम फवाऱ्याच्या स्पर्शानं केलं होतं.

अळीचं म्हणाल तर 2014 मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठात याच रोपट्यावर प्रयोग झाला. कोबीवरची अळी पान कुरतडताना पानाला बसणारी थरथर लेझरनं टिपली आणि तीच दुसऱ्या झाडाच्या पानाला दिली. नंतर त्या झाडांवर खऱ्या अळ्या सोडल्या, तेव्हा मोहरीला झणका देणारी रसायनं झाडांनी जास्त तयार केली. वाऱ्याच्या थरथरीनं तसं झालं नाही. यातली मेख बघा : आवाज हवेतून दिला नव्हता, थरथर थेट पानाला दिली होती. शिवाय पऱ्हाटी मोहरीच्या कुळातली नाही, आणि बोंडअळी बोंडाच्या आत बसते.

आता भोंग्याचा हिशेब. मोकळ्या वावरात अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. 1 मीटरवर 90 डेसिबल असेल, तर 32 मीटरवर 60 उरतो, म्हणजे साध्या बोलण्याइतका. एकराची बाजूच जवळजवळ 64 मीटर. त्यापेक्षा वाऱ्याची झुळूक पान कितीतरी जास्त हलवते.

तरी शेजाऱ्याकडे फरक दिसला म्हणता? भोंगा बहुधा धुऱ्याजवळ, विहिरीच्या बाजूला असतो. तिथली माती भारी, पाणी वेळेवर. भोंगा पाहायला रोज चक्कर होते, म्हणून अळीही लवकर सापडते. पडताळायचंच असेल तर दोन भोंगे लावा, एक वाजणारा आणि एक बंद. कुठे कुठला, ते चिठ्ठी टाकून ठरवा. दोघांत किमान 60 मीटर अंतर, प्रत्येकाजवळ 20 झाडांना फीत बांधा, आणि बोंडं मोजायला अशाला लावा ज्याला कुठला वाजत होता ते ठाऊक नाही. मोजणाऱ्याला ते कळलं की आकडे आपोआप फुगतात.

प्रश्न : शेडनेटमधल्या वांग्याची फुलं गळतात. भुंग्याच्या गुणगुणण्याचा फळधारणेशी संबंध असतो का?

उत्तर : असतो, आणि आवाजाचा खरा उपयोग इथेच आहे. वांग्याच्या फुलातल्या पिवळ्या नळ्या बंद असतात. परागाला वाट फक्त टोकाच्या छिद्रातून. काळा भुंगा त्या नळ्यांना मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू सेकंदाला शे-दोनशे ते चारशे वेळा थरथरवतो आणि पराग मिठासारखा बाहेर उडतो. मधमाशीला हे जमत नाही. शेडनेटमध्ये भुंगा शिरत नसेल, तर त्याचं काम हातानं करावं लागतं.

आधी दहा फुलं उलटी करून बघा. मधली काडी नळ्यांच्या बाहेर डोकावत असेल, निदान टोकाबरोबर असेल, तरच फळ धरेल. आखूड काडीची फुलं एरवीही गळतात, त्यावर उपाय करत बसू नका. लांब काडीच्या फुलासाठी दव सुकल्यावर, सकाळी, बॅटरीवरच्या टूथब्रशची पाठ फुलाच्या देठाला दोन सेकंद लावा. खाली काळा कागद धरा. फिकट पिवळी भुकटी पडली म्हणजे काम झालं. काहीच पडलं नाही तर हवेत ओल जास्त आहे आणि पराग चिकटला आहे. दुपारच्या आत पुन्हा करा. ब्रश पाकळीला किंवा काडीला लावू नका, इजा होते.

उघड्या वावरात ही मेहनत नको. धुऱ्यावरची वाळकी लाकडं, बांबू राहू द्या, भुंगे त्यातच घर करतात. फवारणी संध्याकाळी करा.

प्रश्न : तहानलेलं झाड ओरडतं, हे खरं का?

उत्तर : टकटकतं म्हणा. तेल अवीव विद्यापीठातल्या 2023 च्या अभ्यासात पाणी तोडलेल्या टमाटरच्या झाडातून तासाला 30 ते 50 टकटक नोंदल्या गेल्या, पाणी मिळालेल्यातून तासाला एकापेक्षाही कमी. खोडातल्या पाण्याच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटत असावेत. हे आवाज 40 ते 80 किलोहर्ट्झचे. माणसाचा कान 20 वर थांबतो, आणि साध्या मोबाइलचा माइकही तिथपर्यंत जात नाही. तेव्हा त्यासाठीच्या अ‍ॅपवर पैसे घालवू नका. वीतभर खोल माती उकरा, मुठीत दाबा. गोळा होत नसेल तर पाणी सोडा.